दुसरा नळ : कलकत्त्यापासून बेंगळुरूपर्यंत

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने एक आदेश काढला. पिण्यायोग्य पाण्याने मोटारी धुण्यास, बागांना पाणी घालण्यास आणि बांधकाम करण्यास मनाई. आदेश मोडल्यास ५००० रुपये दंड. शहरातील हजारो कूपनलिका त्या उन्हाळ्यात आटल्या होत्या आणि टँकरच्या दरावरून सरकारला हस्तक्षेप करावा लागला होता. आदेशाची बातमी देशभर झाली. त्यात न लिहिलेली एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. पिण्याचे पाणी बागेला घालायचे नाही, तर मग कोणते घालायचे? उत्तर त्याच इमारतींच्या तळघरात होते. शहरातील मोठ्या गृहसंकुलांनी स्वतःचे सांडपाणी स्वतःच शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरावे, असा दंडक कर्नाटकात त्याआधी अनेक वर्षे होता. म्हणजे घरात दोन नळ होते: एक पिण्याचा, दुसरा न पिण्याचा.

त्या दुसऱ्या नळातले पाणी किती स्वच्छ असले पाहिजे? प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा आणि अगदी आजचा वाटतो. भारतात तो सुमारे दीडशे वर्षांचा आहे, आणि त्याची उत्तरे दर पिढीला बदलत गेली आहेत.

या इतिहासाचा आरंभ कलकत्त्यात करणे योग्य ठरेल. हुगळीच्या काठी पलता येथे गाळलेल्या पाण्याचे केंद्र १८७० च्या सुमारास सुरू झाले आणि शहराला वाळूतून गाळलेले पाणी नळाने मिळू लागले. गाळलेले पाणी महाग पडे. रस्ते धुणे, गटारे व शौचकूप वाहते ठेवणे, आग विझवणे यांसाठी ते खर्च करणे नगरपालिकेला परवडणारे नव्हते. म्हणून नदीचे न गाळलेले पाणी वेगळ्या पंपांनी उचलून, वेगळ्या नळांच्या जाळ्यातून शहरभर फिरवण्यात आले. मल्लिक घाट आणि वॉटगंज येथील उदंचन केंद्रे याच कामासाठी होती. आज ज्याला दुहेरी नळव्यवस्था म्हणतात आणि नवी कल्पना म्हणून वाखाणतात, ती या देशात व्हिक्टोरियाच्या काळापासून अस्तित्वात आहे.

कागदावरची ही योजना निर्दोष होती. दोष माणसांच्या दिनक्रमाने दाखवून दिला. गाळलेले पाणी अपुरे आणि ठरावीक वेळी. न गाळलेले मुबलक. वस्त्यांमधील लोक दुसऱ्या नळाखाली आंघोळ करू लागले, भांडी घासू लागले, चूळ भरू लागले. पहिला नळ कोरडा असला की तान्हेल्या मुलाला तहान लागल्यावर आई कोणता नळ सोडेल, हे सांगायला स्वच्छता-आयुक्ताची गरज नव्हती. कॉलरा कलकत्त्यात मुक्कामालाच होता. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी या शहराच्या पाणीपुरवठ्याची पाहणी केली, तेव्हा न गाळलेल्या पाण्याचा हा पुरवठा धोकादायक म्हणून नोंदला गेला. पुढच्याच वर्षी हुगळी आणि शहरातील कालव्यांच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्याच शहरात पाऊणशे वर्षांपूर्वी या रोगाचा जंतू पाण्यात दिसलेला होता. इजिप्तमधील साथीचा माग काढत रॉबर्ट कॉख डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्यास आले. १८८४ च्या आरंभी त्यांनी एका वस्तीच्या तलावाच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जीवाणू दाखवून दिला. तलावाभोवतीच्या घरांत तेव्हा कॉलऱ्याने माणसे मरत होती. कॉखच्या कीर्तीच्या झगमगाटात त्या तलावाचे वर्णन झाकोळून जाते. तलाव एकच होता आणि त्याचे उपयोग अनेक: रोग्याचे कपडे तिथेच धुतले जात, आंघोळ तिथेच होई आणि घागरही तिथेच भरली जाई. पिण्याचे व न पिण्याचे असा भेद पाण्यात नव्हताच. तो भेद निर्माण करण्यासाठी नळ वेगळे केले गेले. आणि माणसाने आपल्या गरजेपोटी ते पुन्हा एक केले.

कॉखनंतर बारा वर्षांनी, १८९६ मध्ये, आग्र्याला सरकारी रसायन-परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केले. यमुना आणि गंगेच्या पाण्यात काहीतरी असे होते की ज्यामुळे कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरत. पाणी बारीक गाळणीतून काढले तरी हा गुण टिके. उकळले की नाहीसा होई. विषाणूची कल्पना तेव्हा बाल्यावस्थेत होती. पुढे जीवाणूंना ग्रासणारे विषाणू, म्हणजे फेज, सापडल्यावर अनेकांनी हँकिनच्या निरीक्षणाकडे त्यांची पहिली चाहूल म्हणून पाहिले, आणि ते तसेच होते का यावर आजही वाद आहे. वादाचा निकाल काहीही लागो, फेज या कथेत पुन्हा एकदा येणार आहेत, आणि तेव्हा त्यांची भूमिका साक्षीदाराची असेल.

पाण्यातला प्रत्येक रोगजंतू शोधत बसणे अशक्य, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी एक सुटसुटीत युक्ती रूढ झाली. माणसाच्या आतड्यात कोट्यवधींच्या संख्येने राहणारे, बहुधा निरुपद्रवी असे जीवाणू, म्हणजे कोलिफॉर्म, पाण्यात आहेत का ते पाहायचे. ते असतील तर विष्ठा मिसळली आहे. विष्ठा मिसळली असेल तर रोगजंतूही असू शकतील. मोजण्याची पद्धतही चतुर होती. नमुन्याचे निरनिराळे भाग पोषक द्रवाच्या नळ्यांत घालायचे आणि किती नळ्यांत वायू तयार झाला ते पाहायचे. जंतू प्रत्यक्ष मोजले जात नाहीत. ते पाण्यात यदृच्छेने विखुरले आहेत असे मानून, पॉइसाँच्या वितरणावरून त्यांची सर्वांत संभाव्य संख्या काढली जाते. या गणिताची बैठक मॅक्रेडी यांनी १९१५ मध्ये घालून दिली. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालात १०० मिलिलिटरमागे ‘एमपीएन’ म्हणून जो आकडा छापतात तो हाच. तो आकडा म्हणजे एक अंदाज आहे. पाच-पाच नळ्यांच्या नेहमीच्या चाचणीत खरी संख्या त्याच्या एक तृतीयांश असू शकते किंवा तिप्पटही. २२० आला म्हणून उत्तीर्ण आणि २४० आला म्हणून अनुत्तीर्ण ठरवणारा अधिकारी वस्तुतः नाणेफेक करीत असतो.

तरीही या युक्तीने असंख्य जीव वाचवले हे मान्यच करावे लागेल. विषमज्वर, आमांश, कॉलरा हे जीवाणूंचे रोग. कोलिफॉर्म हेही जीवाणू. क्लोरिनने एक मेला की दुसराही मेला असे समजण्यात फारशी चूक नव्हती. ती चूक किती मोठी ठरू शकते हे दिल्लीने दाखवले.

नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलट वाहत वजीराबाद येथील पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोचले. केंद्रातील कर्मचाऱ्यांना पाणी बिघडल्याचे कळले होते. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरिन वाढवले. पुढच्या काही आठवड्यांत शहरात विषमज्वराची लाट आली नाही, आमांशाचीही नाही. जीवाणूंच्या मापाने पाहता संकट टळले होते. मग डिसेंबरपासून कावीळ सुरू झाली. दीड-दोन महिन्यांत सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली, आणि गरोदर स्त्रियांत तिचे स्वरूप विशेष भीषण होते. डॉ. विश्वनाथन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेला या साथीचा अभ्यास जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

हा विषाणू कोणता, हे कळायला आणखी पाव शतक लागले. साथीच्या काळात जपून ठेवलेल्या रक्तरसांची १९८० मध्ये पुन्हा तपासणी झाली. तिच्यात अमेरिकी संशोधकांबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या खोर्शेद पावरी यांचाही सहभाग होता. निष्कर्ष असा की ही कावीळ ‘अ’ नव्हे आणि ‘ब’ही नव्हे. त्याच वर्षी काश्मीरमधील साथीवरून मोहम्मद सुलतान खुरू यांनीही तसेच अनुमान प्रसिद्ध केले. आज तिला हेपॅटायटिस ई म्हणतात. १९९१ मध्ये कानपूरला याच विषाणूने सुमारे ७९,००० लोकांना गाठले. दिल्लीच्या साथीतून जो धडा निघतो तो पाण्याच्या पुनर्वापराचा पाया आहे: कोलिफॉर्मची चाचणी जीवाणूंविषयी बोलते. विषाणू जीवाणूंपेक्षा लहान असतात, काही क्लोरिनला अधिक दाद न देणारे असतात, आणि त्यांची फार थोडी मात्राही रोगास पुरते. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे आदिजीव तर नेहमीच्या मात्रेतील क्लोरिनला जवळजवळ जुमानतच नाहीत. म्हणजे शत्रू तीन आहेत आणि पहारेकरी एकाच शत्रूला ओळखतो.

मैलापाण्यात विषाणू किती सर्रास असतात याचा पुरावा मुंबईने दिला. २००१ पासून तिथल्या संशोधकांनी गटारांच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधण्याचे काम सुरू केले. पोलिओ झालेल्या बहुसंख्य मुलांना लकवा होतच नाही. त्यांच्या आतड्यातून विषाणू मात्र बाहेर पडत राहतो. रुग्ण दिसण्यापूर्वी गटाराला कळते. पोलिओ निर्मूलनाच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. तेच पाणी गाळून पुन्हा स्नानगृहात आणणाऱ्याला मात्र ती विचारात पाडणारी होती.

दिल्लीच्या अनुभवानंतर शास्त्राची दिशा हळूहळू पालटली. पाण्यात अमुक जंतू आहेत की नाहीत, या होय-नाहीच्या प्रश्नाची जागा ‘किती माणसांना, वर्षाकाठी, किती संभाव्यतेने बाधा होईल’ या प्रश्नाने घेतली. अमेरिकेत चार्ल्स हास प्रभृतींनी १९८० च्या दशकात मात्रा आणि बाधा यांचे संबंध गणिती सूत्रांत बसवले. १९८९ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी एक मर्यादा डोळ्यांसमोर ठेवली: दर दहा हजार माणसांमागे वर्षाला एकाहून अधिक बाधा नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शिकेत पुनर्वापराला हाच संभाव्यतेचा विचार लावला आणि आंघोळ-धुण्याच्या सांडपाण्यालाही त्यात स्थान दिले. शून्य धोका हा शब्द नाहीसा झाला. त्याच्या जागी मान्य धोका आला. हा बदल अनेकांना अजून रुचलेला नाही. ‘थोडा धोका चालेल’ असे अधिकाऱ्याने लिहून देणे राजकारणात कठीण असते. मानक शून्य ठेवून ते न पाळणे त्यापेक्षा सोपे असते.

या नव्या विचाराची भारतातील एक सुरेख कसोटी शहरात झाली नाही, ती मध्य प्रदेशातील धार आणि झाबुआ जिल्ह्यांतील आश्रमशाळांत झाली. २००५ नंतरच्या काही वर्षांत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, युनिसेफच्या साह्याने तिथे मुलांच्या आंघोळीचे पाणी अडवून, दगड-खडी आणि वाळूच्या थरांतून गाळून, शौचालयांना व परसबागेला पुरवण्याच्या रचना बांधल्या. त्यावरची मार्गदर्शक पुस्तिका जानेवारी २००७ मध्ये निघाली. या शाळांत आधी शौचालये होती, पाणी नव्हते. पाण्याविना शौचालय बंद पडते, आणि ते बंद पडले की मुले उघड्यावर जातात. अशा ठिकाणी पुनर्वापराचा धोका मोजताना त्याच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचे? पिण्याच्या पाण्याची शुद्धता नव्हे, आधीची अवस्था. गाळलेल्या आंघोळीच्या पाण्यात काही जंतू उरले तरी वाहते शौचालय असलेली शाळा बंद शौचालयाच्या शाळेपेक्षा निरोगी असू शकते. जोखीम ही नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते, हे वाक्य ग्रंथात वाचणे वेगळे आणि झाबुआत पाहणे वेगळे.

शहरांतली कथा अशी सरळ नाही. तिथे तुलना स्वच्छ नळाशीच होते.

देशातील नागरी भागांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा अंदाज आहे. त्या वेळी चालू असलेल्या केंद्रांची क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २०,२३६ दशलक्ष लिटरच्या घरात, म्हणजे एकूण सांडपाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. शहराबाहेरचे महाकाय केंद्र बांधले जाईपर्यंत थांबण्यापेक्षा इमारतीनेच आपले पाणी शुद्ध करावे, हा विचार या आकड्यांतून स्वाभाविकपणे येतो. कर्नाटकाच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये गृहसंकुलांच्या छोट्या शुद्धीकरण संयंत्रांवर अनंत कोडवासल यांचे सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. संयंत्र चालवणाऱ्या माणसाला पंपाचा आवाज कसा ऐकावा इथपासून समजावणारे हे पुस्तक या विषयावरील भारतीय लेखनात अद्याप उठून दिसते.

मानकांचा प्रवास मात्र झोकांड्या खात झाला. २०१३ च्या केंद्रीय नियमावलीने फ्लशसाठीच्या पाण्यात मलजन्य कोलिफॉर्म मुळीच नकोत असे सुचवले. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांना १०० मिलिलिटरमागे १००० पर्यंत मोकळीक दिली. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती घट्ट करून २३० वर आणली. शून्य, हजार, दोनशेतीस. या तिन्ही आकड्यांत एक साम्य आहे. तिन्ही कोलिफॉर्मचे आहेत. १९५५ च्या हिवाळ्यात दिल्लीत ज्याने दगा दिला तोच पहारेकरी अजून दारात उभा आहे. योगायोग असा की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने २०१२ च्या आवृत्तीत विषाणूंचा साक्षीदार म्हणून एमएस-२ या फेजची चाचणी घातली आहे. हँकिनच्या नद्यांचे वारस असे मानकात आले, पण पहिल्या नळाच्या. दुसऱ्या नळाच्या नव्हे.

दरम्यान अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने हा प्रश्न मुळापासून हाती घेतला होता. इमारतीतच पाणी शुद्ध करून वापरण्यासाठी त्या शहराने २०१२ मध्ये नियम केला आणि २०१५ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना तो सक्तीचा केला. पण पाणी किती शुद्ध हवे? २०१७ मध्ये एका स्वतंत्र तज्ज्ञगटाने याचे उत्तर जंतूंच्या संख्येत दिले नाही. किती पट घट व्हायला हवी, या मापात दिले. दहापट घट म्हणजे एक लॉग, शंभरपट म्हणजे दोन. दहा हजारांत एक बाधा ही मर्यादा धरली, तर संपूर्ण मैलापाणी फ्लशसाठी वापरताना विषाणूंची ८.५ लॉग, आदिजीवांची ७ आणि जीवाणूंची ६ लॉग घट हवी. आंघोळ-धुण्याचे पाणी तुलनेने निर्मळ, म्हणून तिथे हेच आकडे ६, ४.५ आणि ३.५. विषाणूंची ८.५ लॉग घट म्हणजे सुमारे तीस कोटी विषाणूंपैकी एकच उरणे. कोणतेही एक यंत्र हे करू शकत नाही. जैविक टाकी, गाळणी किंवा पटल, अतिनील किरण, क्लोरिन अशी तटबंदी रांगेने उभी करून प्रत्येक तटाचे गुण बेरजेत धरावे लागतात. क्लोरिनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम अतिनील किरणांपुढे हतबल होतो, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. अतिनील किरणांना टक्कर देणारे ॲडेनोविषाणू मुक्त क्लोरिनपुढे टिकत नाहीत. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणूनच यांपैकी एक बंद ठेवून वीजबिल वाचवणे हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो.

या हिशेबातला सर्वांत रोचक भाग छोट्या संख्यांचा आहे, आणि तो भौतिकीच्या विद्यार्थ्यांना लगेच ओळखू येईल. समजा, एखाद्या विषाणूची बाधा कोणत्याही दिवशी सरासरी पाचशे माणसांत एकाला असते. पन्नास लाखांच्या शहराच्या मैलापाण्यात मग रोज सुमारे दहा हजार बाधितांचे विषाणू येतील, आणि त्यातला यादृच्छिक चढउतार शंभरेक माणसांचा, म्हणजे एक टक्क्याचा. पाणी रोज जवळजवळ सारखेच. आता पाचशे रहिवाशांची एक इमारत घ्या. सरासरी एक. पण पॉइसाँच्या नियमाने शंभरातल्या सदतीस दिवशी इमारतीत एकही बाधित नसेल आणि सव्वीस दिवशी दोन किंवा अधिक असतील. एका बाधिताच्या एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असू शकतात, आणि त्यांना पातळ करायला शहराचे पाणी नसते, पाचशे माणसांचेच असते. म्हणजे छोट्या इमारतीचे सांडपाणी अनेक दिवस निर्दोष असते आणि काही दिवस शहराच्या गटारापेक्षा कितीतरी घातक. महिन्यातून एकदा नमुना घेणाऱ्याच्या हाती अनेकदा निर्दोष दिवस लागतो. अहवाल यायला दोन-चार दिवस लागतात; तोवर ते पाणी फ्लश होऊन पुन्हा टाकीत आलेलेही असते.

म्हणून नव्या पद्धतीत जंतूंच्या चाचणीवरचा भरवसा कमी करून तटबंदीवरचा वाढवला गेला. ही विचारसरणी अन्नउद्योगातून आली; अंतराळवीरांचे अन्न निर्जंतुक राहावे म्हणून १९६० च्या दशकात ‘नासा’साठी ती घडवली गेली होती. तयार डबे तपासत बसू नये, कारण तपासलेला डबा खाता येत नाही. प्रक्रियेतील मोक्याच्या जागा सतत पाहाव्यात. पाण्यात त्या जागा म्हणजे गढूळपणा, अतिनील किरणांची तीव्रता आणि उरलेले क्लोरिन. तिन्ही मिनिटामिनिटाला मोजता येतात. एक जरी मर्यादेबाहेर गेले तरी झडप आपोआप फिरून पाणी गटाराला लागते आणि फ्लशला पहिल्या नळाचे पाणी येते. भारतीय तळघरांतले नेहमीचे दुखणे इथे नमूद करायला हवे. जैविक टाकीत हवा कमी पडली की अमोनिया उरतो. मग टाकलेले क्लोरिन अमोनियाशी जुळून क्लोरामाइन बनते. मापकाच्या पट्टीवर क्लोरिन दिसत राहते, पण विषाणूंविरुद्ध त्याची धार गेलेली असते. ब्लोअर रात्री बंद ठेवला तर सकाळच्या निर्जंतुकीकरणावर त्याचा परिणाम होतो, आणि हे दुवे न सांगता नुसते ‘क्लोरिन टाका’ म्हणणे म्हणजे संयंत्र चालवणाऱ्याला अर्धेच ज्ञान देणे.

आणखी एक गोष्ट अमेरिकी कोष्टकातून जशीच्या तशी उचलता येत नाही. तिथल्या हिशेबात फ्लश करताना माणसाच्या तोंडात जाणारे पाणी थेंबाच्याही अंशाइतके धरले आहे, कारण तिथला माणूस फ्लशच्या पाण्याला हात लावत नाही. भारतीय स्नानगृहात कमोडशेजारी हातफवारा असतो, बादली असते, तोटी असते, आणि फरशी पाण्यानेच धुतली जाते. हातफवारा चुकून दुसऱ्या नळाला जोडला गेला तर संपर्क थेंबांचा राहत नाही. बागेत पाइप धरणारा माळी, मोटारी पुसणारा मुलगा आणि तळघरात गाळणी उलटी धुणारा कामगार यांना रोज जितका संपर्क घडतो तितका चौदाव्या मजल्यावरच्या रहिवाशाला वर्षभरात घडत नाही. जोखीम दरमाणशी सरासरीने सांगितली की ही माणसे त्या सरासरीत विरून जातात. साठवणीच्या कोमट टाक्यांत वाढणारा लिजिओनेला तर गिळल्याने नव्हे, बारीक तुषार श्वासातून गेल्याने बाधतो. तुषारसिंचन आणि शीतकरण मनोरे ही त्याची आवडती ठिकाणे.

आणि तरीही, दुसऱ्या नळाच्या नोंदलेल्या मोठ्या दुर्घटना गाळण्या कमी पडल्याने झालेल्या नाहीत. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळच्या लाइडशे राइन या नव्या वसाहतीत घरोघर दोन नळ दिले होते. दुसऱ्यात नदीचे अर्धवट शुद्ध केलेले पाणी. डिसेंबर २००१ मध्ये दोन्ही जाळी एका ठिकाणी जोडली गेल्याचे उघडकीस आले, तोवर अनेक घरांत जुलाब-उलट्या पसरल्या होत्या. २००३ मध्ये त्या सरकारने घरगुती दुहेरी पुरवठ्याचा मार्गच जवळजवळ बंद केला. फिनलंडमधील नोकिया शहरात नोव्हेंबर २००७ मध्ये सांडपाणी केंद्राने स्वतःच्या धुण्यापुसण्यासाठी वापरायचे शुद्ध केलेले सांडपाणी एका उघड्या राहिलेल्या झडपेतून पिण्याच्या जाळ्यात गेले, आणि सुमारे तीस हजार वस्तीपैकी आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान प्रगत होते, कर्मचारी प्रशिक्षित होते. कलकत्त्यात तहानेने जे घडले ते इथे पान्याने घडले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने द्रवरूप कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात पाण्याच्या मोठ्या वापरकर्त्यांवर शुद्ध केलेले सांडपाणी वापरण्याचे बंधन घालण्याचा विचार आहे. बंधन आले की दुसरे नळ वाढतील: नव्या इमारतींत आराखड्यानुसार, जुन्या इमारतींत भिंती फोडून, आणि त्यानंतर दर दुरुस्तीला ज्याला आराखडा ठाऊक नाही अशा प्लंबरच्या हातून बदलत.

दोन नळांत कुठे गाठ पडली आहे का, हे पाहण्याची चाचणी साधी आहे. पहिल्या नळाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, नळ्यांतला दाब उतरू द्यायचा, दुसऱ्याला दाबाखाली ठेवायचे, आणि इमारतीतल्या प्रत्येक घरातली स्वयंपाकघराची, मोरीची, हातफवाऱ्याची तोटी एकेक करून उघडायची. मग दुसरा बंद, पहिला चालू, आणि पुन्हा तीच फेरी. सॅन फ्रान्सिस्कोत इमारत सुरू होताना आणि पुढे ठरावीक काळाने ही चाचणी घ्यावीच लागते. तिला ना पोषक द्रव लागतो ना प्रयोगशाळा. एक सुट्टीचा दिवस लागतो, आणि सगळी दारे उघडी. एखाद्या बंद सदनिकेची किल्ली मिळाली नाही, तर चाचणी अपुरी राहिली असे लिहावे लागते.